चाल सर्वांची, बदल कोणाचा?

बॅगपाइपच्या जातीचे बॉर्डर पाइप हे वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये एक वाद गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा उफाळतो आणि दर वेळी एकाच जागी जाऊन अडकतो. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरच्या मुलखातल्या जुन्या चाली या वाद्यासाठी बसवायच्या, त्यांचे स्वरलेखन करायचे आणि ते एकमेकांना द्यायचे, ही तिथली रोजची रीत आहे. एक बाजू म्हणते की चाली लोकांच्या आहेत, तेव्हा त्यांच्या कोणत्याही संयोजनावर कोणाचाही हक्क असू शकत नाही. मिळेल ते घ्यावे, वाजवावे, पुढे द्यावे. दुसरी बाजू म्हणते की चाल जुनी असली तरी ती वाजवण्याजोगी करण्यात एखाद्याचे महिने खर्ची पडतात, आणि त्याला न विचारता ते काम वाटून टाकणे ही चोरी आहे. दोन्ही बाजू मालकीवरून भांडतात, आणि माझ्या मते वाद भरकटतो तो तिथेच. पारंपरिक चाली मोकळेपणाने वाटल्या गेल्या पाहिजेत असे मला ठामपणे वाटते. परंतु जो वाटतो त्याने ती चाल कोठून घेतली आणि तिच्यात स्वतः काय बदलले, हे चालीसोबतच लिहिले पाहिजे. जो हे लिहीत नाही तो पैसे घेवो अथवा फुकट देवो, नुकसान सारखेच होते.

ही अपेक्षा वरवर पाहता साधी वाटते, पण या वाद्याच्या बाबतीत ती इतकी निकडीची का, हे कळण्यासाठी वाद्य जरा जवळून पाहावे लागते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपण ज्या पाइप ऐकतो त्या हायलँड पाइप. त्यांत तोंडाने हवा भरतात आणि त्या मोकळ्या मैदानात घुमतात. बॉर्डर पाइपला हवा पुरवतो तो उजव्या कोपराखाली बांधलेला भाता. डाव्या काखेत पिशवी असते, एकाच खुंट्यात बसवलेले तीन ड्रोन अखंड आधारस्वर धरून असतात, आणि बोटे चालतात ती चँटरवर, म्हणजे छिद्रे असलेल्या नळीवर. सनईशेजारी सूर धरणारा बसतो तेच काम इथे ड्रोन करतात. चँटरवर सहज निघणारे स्वर नऊच. ड्रोनचा स्वर षड्ज मानला तर मंद्रातला एक कोमल निषाद, मग षड्जापासून तार षड्जापर्यंत ओळीने सर्व स्वर, आणि त्यांत वरचा निषादही कोमल. म्हणजे आपल्या हिशेबाने खमाज थाटाचे स्वर. चांगल्या चँटरवर छिद्रे वेगळ्या रीतीने झाकून कोमल गांधार किंवा शुद्ध निषाद काढता येतो, कधी तार ऋषभही मिळतो. परंतु ती कसरत आहे, वाद्याचा मूळ स्वभाव नऊ स्वरांचाच. शिवाय एकदा पिशवी दाबली की आवाज थांबत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या स्वराचा कण टाकूनच तो तोडावा लागतो.

या वाद्याची परंपरा मध्येच तुटलेली आहे, आणि वादात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. सीमाभागातल्या गावांना एके काळी गावाचे नेमलेले पाइपवादक असत. जेडबरा गावात हेस्टी घराण्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या होते असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे विझत गेले. वाद्य पुन्हा बनू आणि वाजू लागले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि त्यासाठी लोलँड अँड बॉर्डर पायपर्स सोसायटी स्थापन झाली ती १९८३ साली. मधल्या शतकाहून अधिक काळात गुरूकडून शिष्याकडे जाणारी वाट जवळजवळ बंद होती. मग आज जे वाजते ते आले कोठून? काही आले हायलँड पाइपच्या संग्रहातून, काही शेजारच्या नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइपच्या परंपरेतून, बरेचसे व्हायोलिनच्या वह्यांमधून, आणि सर्वांत मोलाचे आले एका हस्तलिखितातून. नॉर्थम्बर्लंडमधल्या स्टॅमफर्डमच्या विल्यम डिक्सन यांनी १७३३ पासून लिहिलेली, चाळीस चालींची ही वही स्कॉटलंडमधल्या पर्थच्या ग्रंथालयात होती. मॅट सिएटल यांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली आणि पाइपवादकांचे सारे जगच पालटले. एक छोटी चाल घेऊन तिची एकामागून एक रूपे उलगडत नेण्याची, प्रत्येक रूपात बोटांपुढे नवे कोडे घालण्याची एक पूर्ण कला त्या वहीत होती. जिवंत गुरू मात्र एकही नव्हता. याचा अर्थ असा की बॉर्डर पाइपवर आज वाजणारे जवळजवळ सारे पारंपरिक संगीत हे कोणा ना कोणा हयात माणसाने किंवा त्याच्या आधीच्या पिढीने केलेले संयोजन आहे. 'हे मूळ आणि हे संयोजन' अशी सरळ वाटणी इथे करताच येत नाही.

संयोजन म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते? विल्यम विकर्स यांच्या १७७० सालच्या नॉर्थम्बर्लंडमधल्या वहीतली व्हायोलिनवरची एखादी चाल घ्या, जी आधारस्वराच्या खाली मंद्र पंचमापर्यंत उतरते. चँटरवर षड्जाखाली एकच स्वर आहे. आता तीन मार्ग उरतात. खाली जाणारा तुकडा सप्तकभर वर उचलायचा, म्हणजे जिथे चाल विसावत होती तिथे ती चढू लागते. किंवा त्या तुकड्यातले न मिळणारे स्वर बदलून जवळचे घ्यायचे, म्हणजे लय तीच राहते पण वाक्य वेगळे होते. किंवा सगळी चालच सरकवून चँटरच्या मध्यमाला तिचा षड्ज करायचा. तिसरा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण मुख्य तुकडा जसाच्या तसा राहतो. पण त्यात वर फक्त पंचमापर्यंत आणि खाली मध्यमापर्यंतच जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे ड्रोन जागचा हलत नाही. तो आता चालीच्या षड्जाऐवजी पंचम धरून बसतो. तंबोऱ्याची जोडाची तार पंचमात लावून गायला बसल्यासारखे सारे बांधकाम एका वेगळ्या पायावर उभे राहते. तिन्ही मार्ग योग्य आहेत आणि तिन्हींत काहीतरी गमवावे लागते. काय गमावले हे चाल हाती घेणाऱ्याला सांगायला नको का?

याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक बदल असतात ते 'सुधारणेचे'. सीमाभागातल्या कितीतरी जुन्या चालींत एक तुकडा षड्जावर उभा असतो आणि लगेच पुढचा तुकडा त्याच्या खालच्या कोमल निषादावर. ड्रोन षड्ज सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या तुकड्यात चाल आणि ड्रोन यांच्यात एक खरखरीत ताण येतो आणि षड्जावर परतल्यावर तो सुटतो. हा ताण आणि ही सुटका हाच या संगीताचा प्राण आहे, असे मी मानतो. आजच्या कानाला तो कधी खटकतो. मग कोणी तिथे शुद्ध निषाद घालतो, कोणी गिटारच्या साथीला सोयीचे व्हावे म्हणून त्या तुकड्याचे स्वर वळवतो, आणि चाल गोड होते. ती गोड झालेली चाल 'पारंपरिक' या एका शब्दाखाली पुढे जाते. दहा वर्षांनी ती शिकणारा मुलगा असे समजतो की सीमाभागातले जुने लोक असेच वाजवत होते. डिक्सनच्या वहीतल्या लांबलचक चालींची पहिली दोन-तीन रूपे ठेवून बाकीची गाळण्याचीही अशीच रीत पडली आहे, कारण मैफलीत एकत्र वाजवायला ती सोपी पडतात. हायलँड पाइपची भरगच्च कणांची पद्धत डिक्सनच्या चालींवर चढवली जाते, तीही निमूटपणे. यातली एकही गोष्ट करू नये असे मी म्हणत नाही. शुद्ध निषाद घातलेले काही संयोजन मला स्वतःला फार आवडते. माझा आग्रह एवढाच आहे की ज्याने तो घातला त्याने तसे लिहावे.

हक्काची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. जुनी, अशुद्ध लिहिलेली वही वाचणे, कोठे लेखकाचा हात चुकला आणि कोठे तो मुद्दाम वेगळे लिहीत होता हे ठरवणे, प्रत्येक रूप चँटरवर वाजवून पाहणे, हे वर्षानुवर्षांचे काम असते, आणि अशी पुस्तके मोजक्याच लोकांना विकली जातात. पुस्तकातली पाने सर्रास वाटली गेली तर पुढची वही छापायला कोण पैसे घालणार? कायदाही त्यांच्याच बाजूला बराच झुकतो. चौदाव्या लुईच्या दरबारातले संगीतकार दलालांद १७२६ साली वारले. लायनेल सॉकिन्स यांनी त्यांच्या रचना वाजवता येतील अशा रीतीने संपादित केल्या, आणि हायपीरियन या ध्वनिमुद्रण कंपनीने असा पवित्रा घेतला की संपादकाने मूळ संगीतच प्रामाणिकपणे मांडले असेल तर त्यात नवे असे काय आणि हक्क कसला? २००५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सॉकिन्स यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचे कौशल्य आणि श्रम यांतून स्वतंत्र हक्क निर्माण होतो, असे न्यायालयाने मान्य केले. मला हा निकाल पटतो. एखाद्याने छापलेले संपूर्ण संयोजन त्याचे नाव पुसून किंवा न पुसता जसेच्या तसे उतरवून वाटणे हे परंपरा वाटणे नव्हे. ज्याला ती चाल हवी त्याने मूळ वहीकडे जावे आणि स्वतःचे संयोजन करावे.

परंतु हक्कवाल्यांनी आपल्याच युक्तिवादाचा शेवट पाहिलेला नाही. हक्क मिळतो तो संयोजकाने घातलेल्या भरीवर. डिक्सनच्या किंवा विकर्सच्या चालीवर नव्हे. सॉकिन्स यांना दलालांदच्या संगीताची मालकी कोणी दिली नाही. मग ज्याला आपली भर राखायची आहे त्याने ती भर कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे दाखवणे ओघानेच आले. जुन्या चालीखाली 'संयोजन अमुक' एवढेच छापून मूळ कोठले आणि माझे कोठले हे झाकून ठेवले, तर संयोजक आपल्या श्रमाचे रक्षण करत नाही, सर्वांच्या चालीभोवती कुंपण घालतो. दुसऱ्या एखाद्या वादकाने तीच चाल त्याच वहीतून स्वतंत्रपणे बसवली तर त्याने काय चोरले आणि काय नाही, हे ठरवायचे कशाच्या आधारे? म्हणजे स्रोत आणि बदल उघड करण्याची सर्वांत जास्त गरज खरे तर याच बाजूला आहे.

मोकळेपणाची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळा आहे. ते विचारतात की लोकपरंपरेने असा हिशेब कधी ठेवला होता का? गावातल्या पाइपवादकाने चाल ऐकली, बोटांना रुचेल तशी वळवली, पुढे वाजवली. बदल हाच परंपरेचा श्वास असेल तर प्रत्येक बदलाची नोंद मागणे म्हणजे जिवंत माणसाला टाचणीने कागदावर टोचून ठेवणे. या मुद्द्याला इतिहासाचाही आधार आहे. वॉल्टर स्कॉट यांनी १८०२ मध्ये सीमाभागातल्या गाथागीतांचा संग्रह काढला, तेव्हा ज्यांच्याकडून त्यांनी गीते घेतली होती त्या मार्गारेट लेडलॉ यांनी त्यांना तोंडावर सुनावले की ही गीते गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापली, आता ती कोणी गाणार नाही. त्यांचे पुत्र कवी जेम्स हॉग यांनी हा प्रसंग पुढे नोंदवून ठेवला. मोकळेपणाचे पुरस्कर्ते हे उदाहरण आवडीने देतात. त्याच बाईंनी त्याच दमात आणखी एक तक्रार केली होती, ती मात्र ते सांगत नाहीत: गीते धड उतरवलेलीही नाहीत. आपल्या घरातले गीत कसे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि छापलेल्या रूपात ते बदललेले त्यांना चटकन दिसले.

मौखिक परंपरेला लेखी हिशेबाची गरज नव्हती, कारण तो हिशेब माणसांच्या आठवणीत होता. अमक्या गावचा पाइपवादक ही चाल अशी वाजवतो, तमक्याने तिला हे रूप जोडले, हे ऐकणाऱ्यांना माहीत असे, कारण वाजवणारा समोर बसलेला असे. आज चाल प्रवास करते ती वाजवणाऱ्याला मागे ठेवून. एक फाइल एडिंबरोहून निघते आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियातला वादक ती समोर ठेवून सराव करतो. तिला बसवणाऱ्याचा आवाज, त्याचा चेहरा, त्याचे 'इथे मी जरा बदल केला आहे' हे वाक्य त्या फाइलसोबत जात नाही. आणि एकदा नाव गळले की चाल किती लवकर 'जुनी' होते! अमेरिकेतल्या जे अंगर यांनी १९८२ साली 'अशोकन फेअरवेल' ही चाल रचली. १९९० साली अमेरिकी यादवी युद्धावरच्या माहितीपट मालिकेत ती वाजली आणि असंख्य श्रोत्यांनी ती त्या युद्धाच्या काळातलीच धरून टाकली. रचणारा हयात, चाल अवघ्या आठ वर्षांची, तरीही ही गत. मग तुटलेल्या परंपरेच्या शतकाहून अधिक काळाच्या पोकळीत आपण काय काय जुने म्हणून भरत असू?

या प्रश्नाला गाथागीतांच्या इतिहासातच एक बोलके उत्तर आहे, आणि ते त्यांचे संग्राहक टॉमस पर्सी यांचे. श्रॉपशरमधल्या शिफनल येथे एका परिचिताच्या घरी मोलकरीण जुन्या हस्तलिखिताची पाने चूल पेटवायला वापरत होती. पर्सींनी ते हस्तलिखित वाचवले. त्यातली गाथागीते त्यांनी १७६५ मध्ये छापली आणि तो संग्रह नॉर्थम्बर्लंडच्या काउंटेसला अर्पण केला. या पुस्तकाने साऱ्या युरोपला गाथागीतांचे वेड लावले. लहानपणी ते वाचूनच स्कॉट या वाटेला लागले. पर्सींनी केवढे मोठे काम केले! पण त्यांनी गीते आपल्या काळाच्या रुचीप्रमाणे घासूनपुसून, तुटलेल्या जागी स्वतःच्या ओळी घालून छापली, आणि किती ओळी आपल्या हे वाचकाला नीट सांगितले नाही. त्यांच्याच काळातले अभ्यासक जोसेफ रिटसन यांनी त्यांच्यावर इतका कडवट हल्ला चढवला की पर्सींकडे असे हस्तलिखित मुळात आहे की नाही अशीच शंका घेतली गेली. मूळ हस्तलिखित छापून निघाले ते १८६७-६८ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर, आणि तेव्हा कोठे पर्सींची भर वेगळी दिसू लागली. पर्सींच्या ओळी वाईट होत्या असे नाही. पण त्यांच्या मौनामुळे एक शतकभर चांगल्या-खऱ्या गीतांवरही संशयाची सावली पडली. सुदैवाने ते हस्तलिखित टिकले, म्हणून निदान तुलना तरी करता आली. ज्या चालींचे मूळ एखाद्या वृद्ध वादकाच्या ओठांवरून घेतले गेले आणि तो वादक आता नाही, त्यांच्या बाबतीत तो मार्गही उरत नाही.

स्वरलेखनामुळे संगीत गोठते, ही तक्रार आपल्याकडच्या वाचकाला नवी नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा कागदावरची बंदिश ही बंदिशच नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बंदिश आजही गुरूसमोर बसूनच गळ्यात उतरते. पण छापील पाठ हाती असल्यामुळेच आज कोणी म्हणू शकतो की आमच्या घराण्यात हीच बंदिश वेगळी गातात, आणि तो वेगळेपणा नेमका बोट ठेवून दाखवू शकतो. लिहिलेला पाठ फरक मारून टाकत नाही. तो कोठून आला हे ठाऊक असेल तर फरक दिसू लागतो. ज्याला स्रोत नाही असा पाठ मात्र खरोखर गोठवतो, कारण त्याच्यासमोर दुसरा पाठ ठेवून 'हा वेगळा आहे' असे म्हणण्याची सोयच राहत नाही. काही जण असेही विचारतात की 'मूळ' असे काही नसतेच, डिक्सनची वहीसुद्धा एका माणसाने एका काळी केलेले संयोजनच, मग स्रोत सांगून काय साधते? प्रश्न रास्त आहे. पण स्रोत सांगणे म्हणजे मूळ सापडल्याचा दावा करणे नव्हे. 'डिक्सनप्रमाणे' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते की १७३३ च्या सुमारास नॉर्थम्बर्लंडमधला एक माणूस असे लिहीत होता. त्याहून जास्त कोणी मागत नाही.

मैफलीत बसून वाजवणाऱ्याने प्रत्येक चालीआधी टिपण वाचून दाखवावे, असे मी सुचवत नाही. वाजवताना माणसाला मोकळीक हवीच. प्रश्न आहे तो लिहून वाटण्याचा, आणि तिथे ओझे किती कमी आहे पाहा. या वादकांमध्ये चाली बहुधा एबीसी पद्धतीने लिहून पाठवतात. क्रिस वॉल्शॉ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेली ही पद्धत साध्या रोमन अक्षरांत चाल बसवते, त्यामुळे ती पत्रातसुद्धा टाकता येते. तिच्यात चालीच्या माथ्यावर ठरावीक अक्षरांच्या ओळी असतात: 'एस'च्या ओळीत चाल कोठून मिळाली, 'झेड'च्या ओळीत ती कोणी उतरवली, 'एन'च्या ओळीत टिपण. म्हणजे जागा पहिल्यापासून राखलेली आहे, आणि आपण ती वर्षानुवर्षे रिकामी सोडून खाली चाल लिहीत आलो. 'डिक्सन, १७३३. पहिली चार रूपे घेतली, बाकीची गाळली. तिसऱ्या रूपातला शेवटचा तुकडा माझा. कण माझे.' एवढे लिहायला मिनिट लागते. त्याने संयोजकाचा हक्कही सिद्ध होतो आणि पुढच्याला मूळ वहीकडे परत जाण्याचा रस्ताही मिळतो.

नव्या चालींपुरते हे करून भागणार नाही. पुनरुज्जीवनाच्या पहिल्या काळात बसवलेल्या चाली आज छायाप्रतींच्या छायाप्रती होत फिरत आहेत, कित्येकींवर ना स्रोत आहे ना नाव. ज्यांनी त्या १९८० च्या दशकात बसवल्या त्यांतले अनेक जण अजून वाजवतात, शिकवतात, शिबिरांना येतात. कोणता तुकडा त्यांनी वहीतून घेतला, कोणता कोणाकडून ऐकून घेतला आणि कोणता त्यांनी स्वतः त्या दिवशी सुचला म्हणून जोडला, हे त्यांना अजून आठवते. हक्कावरच्या पुढच्या भांडणात उतरण्याआधी दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या गावच्या अशा एका वादकाकडे आपल्याजवळचे कागद घेऊन जावे, आणि चालीगणिक विचारून त्या रिकाम्या ओळी भरून घ्याव्यात.